मतल्यानंतरची गझल

कवळीकाकांना ती गझल पहिल्यांदा ऐकू आली एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानात यायला चांगली दहा मिनिटं गेली. वावगं एवढंच, की गेली दोन वर्षं त्यांना धड काहीच ऐकू येत नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात केले होते. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, काका त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि शेवटी तयार कवळी मोटरवर धरून तिला चकाकी आणायचे. ती मोटर बरोबर कानाच्या उंचीवर होती. चाळीस वर्षं ती कानाशी किंचाळत राहिली, आणि साठी उलटल्यावर आधी उजवा कान गेला, मग डावाही गेल्यात जमा झाला. डाव्या कानाशी तोंड नेऊन कोणी ओरडलं तर निम्मंशिम्मं कळायचं. बाकीचं ते ओठांवरून ओळखायचे. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडेच बघत आलोय, म्हणायचे, आता त्याचा उपयोग होतोय.

त्या मंगळवारी ते वरच्या पटाशीचे दात मेणात लावत होते आणि शेजारच्या गाळ्यातून गझल येत होती. जुन्या हिंदी सिनेमातली, सारंगीनं सुरू होणारी. शेजारी तसबिरींना चौकटी बसवणारा एक माणूस होता. बरी आवड आहे याची, असं काकांच्या मनात आलं. मानही डोलायला लागली. आणि मग हातातली सुरी तशीच राहिली. आपल्याला याच्या हातोड्याचा आवाज येत नाही, आणि सारंगी येतेय?

ते उठून शेजारी गेले. चौकटवाल्यानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, मग दुकानातला एकुलता एक रेडिओ दाखवला. त्याच्यात आतलं यंत्रच नव्हतं, तो त्यावर पाय ठेवून उंचावरचे खिळे काढायचा. काकांनी मान हलवली आणि परत आले. गझल चालूच होती. खुर्चीवर बसल्यावर, जिन्यात, नळाखाली हात धुताना, सगळीकडे तेवढ्याच आवाजात. उजवा कान दाबला तरी, डावा दाबला तरी.

त्यातही ती पूर्ण होत नव्हती. सारंगी व्हायची, गाणारीचा आवाज यायचा, पहिल्या दोन ओळी व्हायच्या:

उसी दर पे ठहरी है आहट अभी तक
न चादर से निकली वो सिलवट अभी तक

तबला सुरू होऊन चार मात्रा पडायच्या आणि खट्‌कन सगळं बंद. जरा वेळानं पुन्हा सारंगी.

कुठे बंद होतंय ते काकांना पहिल्या दिवशीच कळलं. ती जागा त्यांची चांगलीच ओळखीची होती. बावन्न वर्षांपूर्वी तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं रेडिओचं बटण फिरवलं होतं.

काकांना गझल ऐकायला शिकवली ती अक्कानं. अक्का त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, यंत्राच्या वर फळीवर रेडिओ, आणि दर गुरुवारी दुपारी साडेतीनला सिनेमातल्या गझलांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. त्या अर्ध्या तासात तिचे पाय पायट्यावरून उतरायचे. घाईचं काम असलं तरी. बारक्या, ये, असं ती हाक मारायची, आणि बारक्या तिच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात येऊन बसायचा.

तिचे नियम कडक होते. पहिल्या ओळीला मान हलवायची नाही. पहिली ओळ म्हणजे नुसतं दार वाजलंय, कोण आलंय ते दुसऱ्या ओळीत कळतं. गाणारी पहिली ओळ दोनदा-तीनदा घोळवते ती आपल्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. शेवटचे शब्द दर वेळी तेच येणार, त्यांच्या आधीचा यमकाचा शब्द मात्र नवा, तो आपण ओळखायचा. बारक्यानं बरोबर ओळखला की ती त्याच्या डोक्यावर शिवणाची पट्टी हलकेच मारायची. चुकला की काही करायची नाही, नुसती हसायची, आणि ते जास्त लागायचं.

अर्थ सांगण्यात मात्र ती बेधडक होती. उर्दूचं अक्षर तिला येत नव्हतं, पण अडायची नाही. रकीब म्हणजे घोड्याची रिकीब, असं तिनं ठणकावून सांगितलं. त्यामुळे गझलेतली सगळी माणसं रिकिबीत पाय घालून प्रेयसीला सोडून जातात, असं बारक्या कितीतरी वर्षं धरून चालला. शब म्हणजे शव. रात्रीवरच्या साध्यासुध्या शेरांनी त्याच्या अंगावर काटा यायचा. आणि सिलवट म्हणजे शिवण. हे तर तिच्या घरचंच काम होतं, तिथे शंका कोण घेणार?

ती अभी तकवाली गझल अक्कानं एका गिऱ्हाइकाच्या घरी तबकडीवर ऐकली होती. माप घ्यायला गेली आणि तासभर तिथेच बसली. घरी आली ती पहिल्या दोन ओळी गुणगुणतच. पुढचं म्हणून दाखव म्हटलं तर तयार नाही. ते तुला ओळखायचंय, म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिनं रेडिओला पोस्टकार्ड टाकलं, खाली दोघांची नावं घालून.

पोस्टकार्ड लागायला तीन महिने गेले. तोवर अक्काला ताप भरला होता. वीस दिवस झाले, उतरत नव्हता. ती पुढच्या खोलीतच खाटेवर पडून असायची. बारक्या सोळा वर्षांचा, दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर, आणि अभ्यासाला जागा तीच. रेडिओ आईनं लावून दिला होता. त्यानं दोनदा सांगितलं होतं, आवाज कमी कर. तिचा हात फळीपर्यंत पोचत नव्हता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. साडेतीन वाजले. निवेदकानं दोघांची नावं वाचली. अक्का उशीवर थोडी वर सरकली. सारंगी झाली, दोन ओळी झाल्या, तबला सुरू झाला, आणि त्याच वेळी त्याचं प्रमेय तिसऱ्यांदा चुकलं. तो उठला आणि बटण फिरवलं.

ती रागावली नाही. पुढच्या वेळी ऐकू, एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

सकाळी तिला इस्पितळात हलवलं. आईवडील तिच्याबरोबर गेले, बारक्या पेपरला गेला. परत आला तर खाट तशीच होती, तिच्या अंगाखाली चादर चुरगळून राहिलेली. शेजारपाजारचे येऊन बसतील म्हणून त्यानं ती चारी बाजूंनी ओढून ताठ केली. चौथ्या दिवशी अक्का गेली. भूमितीत त्याला शंभरापैकी एक्क्याण्णव मिळाले. ते गुण पुढे कितीतरी वर्षं लोक कौतुकानं काढायचे.

बटणाची गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. आईला नाही, पुढे बायकोलाही नाही. गझल मात्र सुटली नाही. उलट वेड वाढलं. कमवायला लागल्यावर त्यानं कोश घेतला, रकीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी हे कळल्यावर एकटाच हसला. पहिल्या शेराला मतला म्हणतात, यमकाला काफिया, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांना रदीफ, हेही तेव्हाच कळलं. कामाच्या खोलीत कॅसेटींचे तीन खण भरले. दातांचे डॉक्टर कवळ्या न्यायला यायचे ते अर्धा तास ऐकत थांबायचे, अडलेला शब्द काकांना विचारायचे. फक्त ती एक गझल सुरू झाली की काकांचा हात बटणाकडे जायचा. कुणाकडे वाजली तर ते उठून बाहेर जायचे. पन्नास वर्षं गझला ऐकलेल्या या माणसानं ती एक गझल मतल्यापुढे कधी ऐकली नव्हती. सिलवटचा खरा अर्थही कोशात बघितला नव्हता. तो शब्द दुसरीकडे भेटला तर ते शिवण म्हणूनच वाचायचे. एका कवीनं कपाळावर सिलवट घातली तेव्हा काकांनी त्या कल्पनेला मनापासून दाद दिली होती.

आणि आता ती गझल त्यांच्या डोक्यात वाजत होती, आणि बंद करायला बटण नव्हतं.

पहिले काही दिवस त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. पण काम बिघडायला लागलं. एका कवळीत डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला गेला. डॉक्टरनं ती परत पाठवली, सोबत चिठ्ठी, की बाई हसल्या तर उलट्या दिशेला हसल्यासारख्या दिसतात. घरीही ते जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे, कोणीतरी बोलत असल्यासारखे. बायको आता नव्हती, मुलगा कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर. लक्षात आलं ते सुनेच्या.

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिचं स्वतःचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं, आणि सासऱ्यांशी ती बहुतेक लिहूनच बोलायची. एका संध्याकाळी तिनं कागदावर लिहिलं: बाबा, तुम्हाला काय ऐकू येतं?

त्यांनी सांगितलं. जुनी गझल आहे, मतल्यानंतर तुटते. बाकीचं सांगितलं नाही.

ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावलं की वेडबीड काही नाही. कानाकडून आवाज यायचा थांबला की मेंदूला रिकामं बसवत नाही, तो जुनं साठवलेलं काढून वाजवत बसतो. त्यांनी डाव्या कानाला यंत्र दिलं. यंत्रानं बोलणं कळायला लागलं, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखं व्हायचं. आणि यंत्र काढलं, की सारंगी.

महिनाभरानं काकांनी सुनेला विचारलं, ती गझल फोनवर मिळेल का. मिळाली. तिनं विचारलं, लिहून देऊ का सगळी? ते म्हणाले, सगळी नको, एकेक ओळ दे.

रविवारी दुपारी दोघं कामाच्या खोलीत बसले. मध्ये प्लास्टरचे साचे सरकवून जागा केली होती. सुनेच्या कानात फोनची वायर, हातात पाठकोरे कागद. तिला गझलेचा गंध नव्हता. तिनं मतला लिहून बाजूला ठेवला आणि त्यानंतरची पहिली ओळ लिहून पुढे सरकवली:

खुला छोड़ आये थे दरवाज़ा घर का

दुसरी लिहायला लागली तर काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं यांना त्रास होतोय. पण ते शोधत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "चौखट."

तिनं फोन पुढे चालू केला, ऐकलं, आणि त्यांच्याकडे अशी बघायला लागली की जणू त्यांनी हातचलाखी केली होती. लिहिलं: तुझे ढूँढती है वो चौखट अभी तक.

पुढची ओळ पहाटेची आली: सहर हो चुकी है, दिया बुझ चुका है. काका म्हणाले, झंझट. तिनं नुसती मान हलवली. मग म्हणाले, नाही, नाही, करवट. ते बरोबर निघालं: कोई ले रहा है ये करवट अभी तक.

आणि तिथे गझल संपली. मतला आणि दोन शेर. तीन मिनिटांच्या गाण्यात आणखी काय मावणार?

सुनेनं मतला पुन्हा वाचला आणि सिलवट म्हणजे काय ते विचारलं. शिवण, काका म्हणाले. तिला ते पटलं नाही. चादरीतून शिवण कशी निघेल? तिनं फोनवर शोधलं आणि लिहून दाखवलं: चुणी. कापड चुरगळलं की पडते ती.

काका उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. चादर ओढताना त्यांना तेव्हा काय वाटलं होतं तेही आठवलं: बरं झालं, नीट दिसतंय आता.

चार दिवस डोक्यात काहीच वाजलं नाही. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झालं, पण आता ते मतल्यानंतर तुटेना. तबला होऊन पुढची ओळ यायची, खुला छोड़ आये थे, आणि मग सगळं थांबायचं. तुटायचं नाही, थांबायचं. कोणीतरी वाट बघत असल्यासारखं. काका बोलून जायचे, "चौखट," आणि दुसरी ओळ यायची. चाल त्यांना माहीत नव्हती, तरी चालीवर यायची. मोटरवर कवळी धरलेला हा माणूस मध्येच एक शब्द उच्चारतो आणि पुन्हा कामाला लागतो, हे चौकटवाल्यानं दोनदा पाहिलं.

याची काकांना सवय झाली असती. कदाचित ते त्यांना आवडायलाही लागलं असतं. पण एका दुपारी करवटचा शेर झाला आणि त्यानंतर आणखी एक ओळ आली.

कहाँ तक सुनी थी, ये पूछा न तूने

आणि थांबली. काकांच्या हातून मेणाची सुरी खाली पडली. आवाज गाणारीचा नव्हता. कोणाचा होता ते त्यांना सांगता येईना, आणि बावन्न वर्षांनंतर खात्रीनं ओळखण्याइतका तो त्यांच्या लक्षातही राहिला नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला ती ओळ सांगितली. तिनं गाणं दोनदा ऐकलं, मग सिनेमातलं, मग तबकडीवरचं. ही ओळ कुठेच नव्हती. तिनं कागद ओढला, पण लिहिलं नाही. त्यांच्या कानात यंत्र होतं, म्हणून तोंडानंच विचारलं, "बाबा, कोणी कोणाला विचारलं नाही?"

मग काकांनी सांगितलं. पोस्टकार्ड, ताप, भूमिती, बटण, चादर. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, प्लास्टरच्या एका साच्याचा कोपरा नखानं खरवडत होते. तुम्ही लहान होता, असं ती म्हणाली नाही. सगळं झाल्यावर मात्र तिनं, औषधाची चिठ्ठी परत एकदा तपासावी तसं, एक विचारलं.

"गिऱ्हाइकाच्या घरी त्यांनी ती सगळी ऐकली होती ना?"

"हो."

"म्हणजे अक्कांची राहिली नव्हती. त्यांना ती तुम्हाला ऐकवायची होती."

काकांनी नख थांबवलं. ही गोष्ट त्यांना माहीत होती. यातला प्रत्येक तुकडा त्यांनीच आता तिला सांगितला होता. पण अक्का अर्धवट ऐकून गेली, एवढंच ओझं त्यांनी आजवर वाहिलं होतं, आणि ते खरं नव्हतंच. तिनं सगळी ऐकलेली होती. अक्कानं विचारलं असतं तर त्यांना विचारलं असतं, की बारक्या, तू कुठवर ऐकलीस? आणि त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

हलकं वाटलं असं म्हणता येणार नाही. ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं, एवढंच.

मग ते म्हणाले, लाव ती. सुनेनं आठवण करून दिली की यंत्रातून गाणं नीट येत नाही. ते म्हणाले, येऊ दे कसंही. तिनं फोन त्यांच्या डाव्या कानाशी धरला. सारंगी पत्रा खरवडल्यासारखी आली. गाणारीचा आवाज तुटका, तबला म्हणजे नुसते खडे. मतला झाला. काकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. चौखट आली, करवट आली, सूर एकही धड आला नाही. ते शेवटपर्यंत बसून राहिले. संपल्यावर त्यांनी फक्त मान हलवली, एकदाच, अगदी सावकाश.

ही झाली मागच्या वर्षीची गोष्ट. गझल अजून येते, पूर्वीइतकी वारंवार नाही. ती शेवटची ओळ मात्र कधीकधी एकटीच येते, मागचंपुढचं काही नसताना, भर सकाळी, मोटर चालू असताना, आणि थांबते. काकांनी तिच्यासाठी काफिये शोधून पाहिले. घूँघट, पनघट, जमघट, खटपट, एका पाठकोऱ्या कागदावर वीसेक शब्द झाले. एकही बसला नाही. बसवायची घाई त्यांना आहे असंही दिसत नाही. सून हल्ली दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की गझला ऐकते, आणि घरी आल्यावर अडलेले शब्द विचारते. काका अर्थ सांगतात, कोश काढून, बरोबर तो. एकदा तिनं त्या ओळीला स्वतःच दुसरी ओळ जुळवून आणली होती. मात्रांच्या वजनात होती, काफियाही चोख होता. काकांनी वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि कागद घडी घालून तिच्या हातात परत दिला.